नव्या पत्र्याची जुनी गाडी

१९६९च्या ऑक्टोबरमध्ये निसानने जपानमध्ये फेअरलेडी झेड बाजारात आणली, तेव्हा ही गाडी पन्नास वर्षांनंतर कुणी जपून ठेवील, असा विचार करून तिचा एकही भाग घडवलेला नव्हता. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने रेखलेला लांब नाकाचा, आखूड शेपटीचा आकार देखणा होता. पण त्या आकाराखाली जे होते ते कंपनीच्या रोजच्या मालातलेच होते. अमेरिकेत ती डॅटसन २४०झेड या नावाने विकली गेली. तिचे २,३९३ सीसीचे, सहा सिलिंडरचे एल२४ इंजिन डॅटसन ५१० या साध्या घरगुती गाडीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनावरून बेतलेले होते. मायदेशात दोन हजार सीसीच्या पुढे कर एकदम वाढत असल्याने तिथे बहुतेक फेअरलेडींना दोन लिटरचेच इंजिन मिळाले. अमेरिकेतल्या निसानची सूत्रे सांभाळणारे युताका काटायामा यांना स्पोर्ट्स कार हवी होती, पण ती पगारदार माणसाला परवडणारी हवी होती, आणि ३,५२६ डॉलर ही तिची सुरुवातीची किंमत त्या हट्टातून आली. १९७८पर्यंत या पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ही संख्या लक्षात ठेवायला हवी. हातांनी घडवलेल्या शंभर-दोनशे गाड्यांचा हा इतिहास नाही. साच्यातून भराभर निघालेल्या मालाचा आहे, आणि अशा मालाच्या बाबतीत अस्सल सुटा भाग कशाला म्हणायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत भागाचे अस्सलपण त्याच्या वयावर ठरवू नये. तो मूळ आराखड्याप्रमाणे, योग्य धातूत किंवा रबरात घडला आहे का, आणि तो नवा आहे हे कुठेही न लपवता नोंदले गेले आहे का, यावर ठरवावे. हे मत अनेक जाणत्या संग्राहकांना पटत नाही. त्यांच्या आक्षेपांकडे मी येणारच आहे. पण आधी या गाड्यांचे प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले पाहिजे, कारण माझे म्हणणे त्या इतिहासावरच उभे आहे.

झेडचा पहिला शत्रू गंज. त्या काळच्या जपानी गाड्यांच्या पत्र्याला गंजापासून आजच्यासारखे संरक्षण नव्हते, आणि अमेरिकेच्या थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते. या गाडीला वेगळी चासी नसते. सांगाडा आणि पत्रा मिळून एकच कवच असते, त्यामुळे पत्रा कुजला की गाडीचा कणाच जातो. डाव्या सुकाणूच्या २४०झेडमध्ये बॅटरी इंजिनाच्या खोलीत, उजव्या बाजूला मागच्या भिंतीजवळ बसते. बॅटरीतून झिरपणारे आम्ल आधी तिच्याखालचा तबकासारखा पत्रा खाते, मग त्याखालचा उभा रेल. वरून रंग चकचकीत असलेल्या गाडीतही तिथे बोट आरपार जाते. पायाखालची फरशी, दाराखालचे पोकळ पट्टे, मागच्या मोठ्या झाकणाची कड, ही गंजाची पुढची ठिकाणे. स्वस्त गाडीवर महागडे पत्राकाम कोण करणार? म्हणून या गाड्या हजारोंनी भंगारात गेल्या.

मायदेशात त्यांची अवस्था याहून बरी नव्हती, पण कारण वेगळे होते. जपानमध्ये प्रत्येक गाडीला 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. तिच्यासाठी दर खेपेला मोठा खर्च येतो, आणि १९९५पर्यंत दहा वर्षांवरच्या गाड्यांना ती दरवर्षी करावी लागे. पुढे तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जादा वाहनकरही आला. धोरण नव्या गाडीच्या बाजूचे होते, समाजाची आवडही तशीच होती, आणि निसान, टोयोटा, माझदा या कंपन्यांचा धंदा तर त्यावरच चालत होता. मॉडेल बंद झाले की काही वर्षे सुटे भाग पुरवायचे, मग साचे मोडीत काढायचे, हा त्यांचा रिवाज. अशा वातावरणात जुनी गाडी चालती ठेवणे हा मालकाचा खासगी हट्ट ठरतो. त्या हट्टाला संस्थेचे रूप देणारी पहिली माणसे जपानबाहेरची होती. अमेरिकेतल्या झेडच्या मालकांनी मंडळे काढली, भागांचे क्रमांक आणि बदलांच्या तारखा जुळवल्या, आणि छोट्या कारखान्यांकडून फरशीचे पत्रे, रबरी पट्ट्या, गालिचे नव्याने करून घेतले. आपला जुना माल जपण्याजोगा आहे हे निसानला तिच्या परदेशी गिऱ्हाइकांनी दाखवून दिले.

कंपनीने त्याला पहिला मोठा प्रतिसाद दिला तोही अमेरिकेतच. १९९६मध्ये तिथे ३००झेडएक्सची विक्री थांबली आणि दुकानात एकही झेड उरली नाही. नाव जिवंत ठेवण्यासाठी निसानच्या अमेरिकन शाखेने जुन्या २४०झेड विकत घेतल्या, निवडक गॅरेजांकडून त्या पूर्ण नव्या करून घेतल्या आणि आपल्याच विक्रेत्यांमार्फत हमीसकट विकायला ठेवल्या. किंमत पंचवीस हजार डॉलरच्या आसपास. दोनशे गाड्या करायचा बेत होता. पन्नासही झाल्या नाहीत. प्रत्येक गाडीवर होणारा खर्च विक्रीच्या किमतीत बसेना, आणि मूळ कंपनी स्वतः मागे उभी असूनही हवे ते भाग तिच्याच गोदामात नव्हते. या फसलेल्या योजनेला मी फार महत्त्व देतो. जुन्या गाडीची खरी अडचण कारागिराच्या हाताची नाही, त्याच्या हातात द्यायच्या भागाची आहे, हे तिने पहिल्यांदा पैशाच्या भाषेत सिद्ध केले.

आता अस्सल म्हणजे नेमके काय, ते एखाद्या गाडीच्या जवळ जाऊन पाहू. १९७०ची २४०झेड समोर असेल तर जाणकार आधी दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचतो, कारण तिच्यावर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष असते. सुरुवातीच्या गाड्यांत आतली हवा बाहेर सोडणाऱ्या आडव्या झडपा मागच्या झाकणावर होत्या. १९७१पासून त्या बाजूच्या खांबांवर गेल्या आणि तिथे गोल चिन्ह आले. म्हणजे झाकण अस्सल आहे की नाही, याचे उत्तर त्या पट्टीवरच्या महिन्याशिवाय देता येत नाही. मग येतात स्क्रू. जपानी स्क्रूंच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीसारखी दिसते, पण तिचा कोन आणि खोली किंचित वेगळी असते. त्यात साधा स्क्रूड्रायव्हर घातला की तो वर सरकतो आणि फुलीच्या कडा खातो. जपानी मानकाच्या अनेक स्क्रूंवर ओळखीसाठी एक बारीक ठिपका असतो. खराब झालेल्या कार्बोरेटरच्या झाकणावर कुरतडलेल्या फुल्या दिसल्या की आधीच्या मिस्त्रीने कोणते हत्यार वापरले ते कळते. तो कार्बोरेटरही पाहण्यासारखा आहे. तो हिताचीचा, त्याची रचना ब्रिटिश एसयू कार्बोरेटरची. बोल्टवरचा पिवळसर, इंद्रधनुषी झाक असलेला जस्ताचा मुलामा हीसुद्धा काळाची खूण आहे. चोख काम करणारे कारागीर नवे चकाकते बोल्ट लावत नाहीत. जुने बोल्ट साफ करून त्यांना तसाच मुलामा पुन्हा चढवून घेतात.

या तपशिलांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कारखान्यातून बाहेर पडली तशी गाडी म्हणजे एक स्थिर वस्तू कधीच नव्हती; निसान दर काही महिन्यांनी भाग बदलत होती. दुसरी, गाडीवर नाव निसानचे असले तरी कार्बोरेटर हिताचीचा होता, आणि रबर, काच, टायर, तारा असा पुष्कळ माल पुरवठादारांकडून येत होता. मग एका डब्यावर निसानचा शिक्का आहे आणि दुसऱ्यावर नाही, पण दोन्ही भाग त्याच पुरवठादाराने त्याच साच्यातून काढलेत, तर एकाला अस्सल आणि दुसऱ्याला नक्कल म्हणण्याला आधार कोणता? शिक्का हा हमीचा पुरावा आहे आणि त्याची किंमत मी नाकारत नाही. पण वस्तूचे स्वरूप ठरवते ती तिची मापे, तिचा धातू आणि ती घडवण्याची रीत.

हा विचार जपानला नवा नाही. तिथली लाकडी मंदिरे शतकानुशतके सुटी करून, कुजलेले वासे बदलून पुन्हा उभी केली जातात. १९९३मध्ये होर्यू-जी हे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत आले, तेव्हा दगडी इमारतींवर वाढलेल्या युरोपीय कसोट्या अशा वास्तूला कशा लावायच्या हा वाद होताच. १९९४मध्ये नारा इथे जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक दस्तऐवज मंजूर केला. अस्सलपणाचा निवाडा ठरावीक साचेबंद निकषांवर होऊ शकत नाही. आकार, सामग्री, वापर, तंत्र आणि परंपरा हे सारे त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात पाहावे लागते, असे त्यात मान्य झाले. मला इथे सर्वांत मोलाची वाटते ती सुतारांची एक रीत. मंदिराच्या दुरुस्तीत जे नवे लाकूड बसते त्याच्यावर दुरुस्तीचे वर्ष डागून ठेवतात. पाहणाऱ्याच्या नजरेला त्याने बाधा येत नाही, पण पुढच्या पिढीचा सुतार तो वासा काढील तेव्हा त्याला खरे काय ते कळते. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१३मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेतही बदललेले भाग नोंदवून ठेवण्याचा, ओळखू येतील असे ठेवण्याचा आग्रह आहे. लाकूड असो की पत्रा, तत्त्व एकच आहे.

कंपन्या या वाटेवर आल्या त्या उशिरा, आणि त्याला बाजाराचाही धक्का लागला. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी सुरक्षेच्या नव्या नियमांत न अडकता आणता येते. १९८९ची स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२, २०१४मध्ये त्या सवलतीत बसली आणि जपानमधल्या चांगल्या गाड्या झपाट्याने बाहेर जाऊ लागल्या. २०१७च्या अखेरीस निसानची शाखा निस्मोने आर३२साठी बंद पडलेले भाग पुन्हा करायला घेतले. त्याच सुमारास माझदाने पहिल्या पिढीच्या रोडस्टरची, म्हणजे १९८९मध्ये आलेल्या एमएक्स-५ची, पुनर्बांधणी हिरोशिमात स्वतः सुरू केली. २०१८मध्ये पहिली गाडी मालकाला परत मिळाली. त्या योजनेत मूळच्यासारखे विनाइलचे छप्पर आले, नार्दीचे लाकडी सुकाणू आले, आणि ब्रिजस्टोनने त्या काळच्या एसएफ३२५ टायरची नक्षी राखून तो नव्याने घडवला. टोयोटाने २०२०मध्ये सुप्राचे आणि २०००जीटीचे भाग पुन्हा काढले. २०००जीटी फक्त ३३७ विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिच्या गिअरबॉक्सचे दाते पुन्हा कापून घेणे हा नफ्याचा व्यवहार असूच शकत नाही. नंतर टोयोटाच्याच एई८६ या गाडीचे सुकाणूचे सांधे आणि ब्रेकचे कॅलिपर आले. लोकांची साधी गाडीही त्या यादीत आली, याचा मला विशेष आनंद वाटतो.

पत्र्याचा प्रश्न मात्र यातला सर्वांत कठीण. दाराचा किंवा फेंडरचा पत्रा दाबायला पोलादी साच्यांची जोडी लागते आणि ती हजारो नग निघाले तरच परवडते. वर्षाला दहा नगांसाठी कुणी साचा करत नाही. २०१९मध्ये निसानने यावर एक उपाय जाहीर केला. पोलादी पत्रा उभा धरायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक यंत्रहात ठेवायचा, त्यांच्या टोकांना हिऱ्याचा लेप दिलेली हत्यारे, आणि दोन्ही हातांनी समोरासमोरून थोडे थोडे दाबत आकार उठवायचा. साचा लागतच नाही. आराखडा संगणकात असला की पुरे. जुन्या बंद पडलेल्या मॉडेलांचे भाग काढता येतील, हा त्याचा उपयोग कंपनीनेच सांगितला. या रीतीने निघालेला पत्रा १९७०च्या दाबयंत्रातून आलेला नाही हे खरे. पण त्याची जाडी, वळण आणि जोडाच्या जागा आराखड्याबरहुकूम असतील, तर गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग फासण्यापेक्षा तो त्या गाडीशी कितीतरी जास्त इमान राखणारा आहे.

आता आक्षेप. पहिला असा की न उघडलेल्या डब्यातला त्या काळचा भाग मिळत असताना नवा का लावायचा? धातूच्या बाबतीत हे म्हणणे योग्य आहे. जुन्या डब्यातला गिअर किंवा दिव्याची कड मिळाली तर तीच लावावी. रबराच्या बाबतीत मात्र हा हट्ट धोक्याचा आहे. रबर डब्यातही हवेशी झगडत असते, कडक होते, तडकते. ब्रेकची पन्नास वर्षे पडून असलेली नळी कितीही अस्सल असली तरी ती लावून गाडी रस्त्यावर आणणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय इंधनही बदलले. अमेरिकेत पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते, आपल्याकडे आता वीस टक्के, आणि जुन्या नळ्यांचे रबर त्यासाठी केलेलेच नव्हते. मूळ आराखड्याचा हेतू पेट्रोल गळू न देणे हा होता. तो हेतू राखण्यासाठी रबर बदलले तर त्या आराखड्याचाच मान राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. इतके बदलायचे तर गाडीचा इतिहास उरतो कुठे? जानेवारी २०२०मध्ये एक २४०झेड अमेरिकेत ३ लाख १० हजार डॉलरला विकली गेली, ती फार कमी चाललेली आणि न बदललेली होती म्हणून. या आक्षेपातला निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे. जी गाडी अजून अखंड आहे तिला हात लावू नये. पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांची मापे तिच्यावरूनच घ्यायची असतात. तसेच जिच्या अंगावर घटना कोरल्या गेल्या आहेत तिचेही. २४०झेडने पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली १९७१मध्ये जिंकली आणि पुन्हा १९७३मध्ये जिंकली. दुसऱ्या वेळी सुकाणूवर भारतीय वंशाचे शेखर मेहता होते. अशा गाडीच्या पत्र्यावरचा पोचा हा पुरावाच आहे, तो काढणे म्हणजे कागद फाडणे. पण अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी हजारो झेड शाळा-नोकरीच्या वाटेवर झिजल्या. त्यांचा इतिहास वापराचा आहे, आणि वापर चालू राहिला तरच तो पुढे सरकतो. इंजिनाचा क्रमांक मूळ पट्टीशी जुळतो का, याला बाजारात पैसे मिळतात. तो जुळावा म्हणून क्रमांक घासून नवे ठोकणारेही मग निघतात. वयाला दिलेल्या अवास्तव किमतीने खोटेपणा वाढतो. उघडपणे नवा म्हणून विकलेल्या भागाला खोटे बोलायचे कारण उरत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि निवडीचा. कंपन्या ज्यांना मागणी आहे अशाच गाड्यांचे भाग काढतात, आणि ते महाग असतात. हे खरे आहे, आणि याचे उत्तर कंपन्यांनीच द्यायला हवे. जो भाग त्या स्वतः करणार नाहीत त्याचे आराखडे त्यांनी विश्वासू छोट्या कारखान्यांना योग्य मोबदल्यात खुले करावेत. आराखडे तिजोरीत आणि गाड्या भंगारात, ही स्थिती कुणाच्याच फायद्याची नाही. गोदामे रिकामी झाली तशी जुने साचेकार आणि ओतारीही निवृत्त होत आहेत. त्यांच्याबरोबर जाणारे ज्ञान कुठल्याही संगणकात साठवलेले नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला २०२१पासून कायद्याचे रूप आले आहे. केंद्राच्या मोटार वाहन नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. पहिल्या पिढीतल्या अनेक झेड आता वयाने त्या व्याख्येत बसतात, आणि मुंबई-पुण्यात जपल्या जाणाऱ्या जुन्या फियाटही. आराखड्याप्रमाणे नवा पत्रा बसवला तर गाडी मूळ रूपात राहिली की नाही, हा प्रश्न आपल्या नोंदणी अधिकाऱ्यांपुढे येणारच. त्याचे उत्तर मालकाजवळच्या कागदावर अवलंबून राहील. म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, मग ती जपानी असो की आपल्याकडची, त्यांनी एक वही ठेवावी. कोणता भाग, कधी, कुणाकडून, कशाच्या जागी बसवला ते तिच्यात लिहावे, काढलेला भाग शक्यतो फेकू नये, आणि नव्या भागाच्या आतल्या अंगावर वर्ष कोरून घ्यावे.